छायाचित्राची दुरुस्ती : संगणकावरील पहिले धडे

खेड्यातील प्राथमिक शाळेच्या कार्यालयात एखादे जुने सामुदायिक छायाचित्र भिंतीवर टांगलेले असते. मधल्या खुर्च्यांवर शिक्षक व गावातील मान्यवर, त्यांच्या मागे बाकांवर उभी असलेली मोठी मुले, पुढे सतरंजीवर मांडी घालून बसलेली लहान मुले, आणि मध्यभागी वर्ष लिहिलेली पाटी. काचेच्या आत ओल शिरलेली असते, कडेला कसर लागलेली असते आणि चेहरे पिवळट, फिकट पडलेले असतात. शाळेचा अमृतमहोत्सव किंवा शतकमहोत्सव जवळ आला म्हणजे ग्रामस्थांची दृष्टी या चित्राकडे वळते. ‘गुरुजी, एवढे नीट करून द्या, माझे वडील त्यात आहेत,’ अशी विनंती होते, आणि ज्या शिक्षकाने संगणकावर आजवर पत्रे व तक्ते एवढेच केलेले असतात, त्याच्यापुढे चित्रसंपादनाचे सॉफ्टवेअर प्रथमच उघडले जाते.

अशा प्रसंगी बहुधा दोन प्रकार घडतात. काही शिक्षक पडद्यावरील शेकडो चिन्हे पाहून बिचकतात व काम शहरातील स्टुडिओकडे सोपवून मोकळे होतात. काही जण उत्साहाने एकामागून एक बटणे दाबतात, चित्र उजळते, गुळगुळीत होते, आणि तेच मूळ फाइलवर जतन केले जाते. पुढे लक्षात येते की डाग घालविता घालविता पाटीवरील सालही पुसले गेले आहे. पहिल्या प्रकारात शिकणे घडत नाही; दुसऱ्यात गावाचा एक पुरावा नाहीसा होतो. हे दोन्ही टाळता यावे, यासाठी नवशिक्या शिक्षकाने कोणत्या क्रमाने काय शिकावे, याचा विचार येथे केला आहे.

१. पुण्याच्या संग्रहालयाचा धडा

या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम समजण्यासाठी पुणे शहरातीलच एक उदाहरण घेता येईल. प्रभात फिल्म कंपनी १९३३ साली पुण्यास आली. तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि १९६४ साली पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना झाली. लॉ कॉलेज रस्त्यावरील हे संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या कक्षेत आले असून, तेथे जुन्या चित्रपटांचे जतन व संगणकाच्या साह्याने पुनरुज्जीवन ही कामे चालतात.

जुने चित्रपट नायट्रेट नावाच्या फिल्मवर असत. ही फिल्म अतिशय ज्वालाग्राही असते. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील साठवणगृहास आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरील पुष्कळ जुनी रिळे जळून गेली. ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच सुरक्षित फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, ते प्रतींच्या रूपाने उरले. मूळ वस्तू जपावी, तिची प्रत वेळीच काढावी आणि दुरुस्ती नेहमी प्रतीवरच करावी, हा धडा यातून मिळतो.

चित्रपटाच्या पुनरुज्जीवनात फिल्मवरील प्रत्येक चौकट संगणकात उतरवून तिच्यावरील ओरखडे व डाग दूर करतात. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने दोन तासांच्या चित्रपटात १,७२,८०० चौकटी होतात. शिक्षकापुढे यांपैकी एकाच चौकटीएवढे काम आहे. साधने पुष्कळ अंशी सारखी आहेत, आणि पाळावयाचा नियम तर एकच आहे.

२. चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी संगणकावरील चित्र म्हणजे काय, हे नीट उमगले पाहिजे. ठिपक्यांची रांगोळी ज्याने पाहिली आहे, त्यास ही गोष्ट अवघड नाही. संगणकातील चित्र आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या लहान चौकोनी ठिपक्यांचे बनलेले असते. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. प्रत्येक पिक्सेलसाठी संगणक तांबडा, हिरवा व निळा या तीन प्रकाशांची मापे ० ते २५५ या अंकांत लिहून ठेवतो. तिन्ही ठिकाणी ० असेल तर काळा, तिन्ही ठिकाणी २५५ असेल तर पांढरा. आणि तिन्ही माप सारखेच पण मधले असेल तर करडा रंग दिसतो.

रसेल कर्श या अमेरिकन संशोधकाने १९५७ साली आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र यंत्राद्वारे प्रथम संगणकात उतरविले. त्या चित्रात १७६ ओळी व प्रत्येक ओळीत १७६ ठिपके, म्हणजे एकूण ३०,९७६ ठिपके होते. आजच्या मोबाइलने घेतलेल्या ४००० गुणिले ३००० ठिपक्यांच्या चित्रात एक कोटी वीस लाख ठिपके असतात. मापाचा हा फरक प्रचंड असला, तरी तत्त्व तेच आहे. चित्र उजळणे, कापणे, डाग काढणे या सर्व क्रिया म्हणजे या अंकांवर केलेली आकडेमोड होय. हे एकदा ध्यानात आले की पडद्यावरील चिन्हांचे भय पुष्कळसे कमी होते.

हा भाग विद्यार्थ्यांसही शिकविता येतो, आणि त्यासाठी संगणक लागत नाही. चौकटीच्या कागदावर मुलांनी काही चौकटी रंगवून ‘ट’ हे अक्षर काढावे. नंतर प्रत्येक ओळीतील रंगविलेल्या चौकटीसाठी १ व रिकाम्या चौकटीसाठी ० असे अंक लिहावेत आणि केवळ ते अंक दुसऱ्या गटास वाचून दाखवावेत. दुसऱ्या गटाच्या कागदावर तेच अक्षर उमटले म्हणजे संगणकातील चित्राचे मर्म मुलांना कळले असे समजावे.

३. साधन कोणते घ्यावे

चित्रसंपादनासाठी फोटोशॉप हे सॉफ्टवेअर विशेष प्रसिद्ध आहे. थॉमस नोल व जॉन नोल या बंधूंनी ते तयार केले व १९९० साली ते बाजारात आले. ते उत्तम आहे, पण त्यासाठी नियमित शुल्क भरावे लागते. शाळेच्या दृष्टीने गिम्प हे सॉफ्टवेअर सोयीचे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली त्याचे काम हाती घेतले आणि १९९६ साली ते सर्वांसाठी खुले केले. ते विनामूल्य मिळते, विंडोज व लिनक्स या दोन्हींवर चालते, आणि जगभरातील स्वयंसेवक त्यात आजही सुधारणा करीत असतात.

एमएस-सीआयटी अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या शिक्षकास फाइल, फोल्डर, माउस या गोष्टी परिचित असतातच. तेवढी तयारी आरंभास पुरेशी आहे. सर्व साधने शिकण्याचा हव्यास धरू नये. सुतारकी शिकणारा मुलगा पहिल्या दिवशी करवत धरावयास शिकतो, पेटीतील सगळी हत्यारे नव्हे. जुन्या छायाचित्राच्या कामास पाच क्रिया लागतात; त्या पुढील क्रमाने शिकाव्यात.

४. पाच पायऱ्या

पहिली पायरी : प्रत काढणे. चित्र चौकटीतून हलक्या हाताने काढावे. काचेला चिकटले असेल तर ओढू नये, काचेसहच त्याची प्रत घ्यावी. स्कॅनर उपलब्ध असल्यास उत्तम. नसल्यास चित्र खिडकीजवळ, थेट ऊन लागणार नाही अशा जागी सपाट ठेवावे, फ्लॅश बंद करावा आणि मोबाइल चित्राला समांतर धरून छायाचित्र घ्यावे. ते संगणकाकडे व्हॉट्सॲपने साध्या रीतीने पाठविल्यास त्यातील ठिपके घटतात. म्हणून केबलने घ्यावे किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावे. संगणकात ‘मूळ’ व ‘काम’ असे दोन फोल्डर करावेत. ‘मूळ’ मधील फाइल कधीही संपादनासाठी उघडू नये. तिची नक्कल ‘काम’ मध्ये ठेवून तीच उघडावी.

सॉफ्टवेअरमध्ये चित्र उघडल्यावर ‘लेयर’ या मेनूतून ‘डुप्लिकेट लेयर’ ही आज्ञा द्यावी. लेयर म्हणजे थर. नकाशावर ट्रेसिंग पेपर ठेवून त्यावर खुणा कराव्यात, त्याप्रमाणे वरच्या थरावर केलेल्या दुरुस्तीचा खालच्या थरास उपद्रव होत नाही. थराशेजारील डोळ्याचे चिन्ह दाबले की वरचा थर अदृश्य होतो व मूळ चित्र दिसते. थोडे काम झाले की हे करून पाहावे. आपण चित्र सुधारीत आहोत की बदलीत आहोत, हे त्या तुलनेतच कळते.

दुसरी पायरी : सरळ करणे व कापणे. चित्र तिरके आले असल्यास फिरविण्याच्या साधनाने सरळ करावे आणि ‘क्रॉप’ या साधनाने कडेचा निरुपयोगी भाग कापावा. मात्र खालच्या पुठ्ठ्यावर छापलेले स्टुडिओचे नाव किंवा हाताने लिहिलेली नावे निरुपयोगी नसतात, ती राखावीत. चूक झाल्यास ‘कंट्रोल’ व ‘झेड’ ही बटणे एकत्र दाबली की केलेली क्रिया मागे घेता येते. नवशिक्यास धीर देणारी याहून मोठी सोय नाही.

तिसरी पायरी : उजळणे. फिकट चित्रात खरा काळा व खरा पांढरा हे दोन्ही उरलेले नसतात. समजा, चित्रातील सर्वांत गडद ठिपक्याचे माप ७० व सर्वांत उजळ ठिपक्याचे १९० आहे. ‘कलर्स’ मेनूतील ‘लेव्हल्स’ ही आज्ञा उघडली की ठिपक्यांच्या मापांचा आलेख दिसतो. त्यात मध्येच एक उंचवटा व दोन्ही बाजूंस रिकामी जागा आढळते. डावीकडील त्रिकोण उंचवट्याच्या आरंभी व उजवीकडील त्रिकोण त्याच्या शेवटी आणावा. संगणक ७० चे ० करतो, १९० चे २५५ करतो आणि मधली मापे त्याच प्रमाणात पसरवितो. १०० मापाचा ठिपका असेल तर ३० भागिले १२० गुणिले २५५, म्हणजे सुमारे ६४ होतो. १३० चा सुमारे १२८ होतो. पूर्वी या दोन ठिपक्यांत ३० चे अंतर होते, ते आता ६४ झाले. डोळ्यास चित्र स्पष्ट झाल्याचे जाणवते ते यामुळे. वर्गात प्रमाण शिकविणाऱ्या शिक्षकास हे गणित नवे नाही. त्रिकोण उंचवट्याच्या आत मात्र ओढू नयेत. तसे केल्यास पांढऱ्या सदऱ्यांच्या घड्या व काळ्या टोप्यांच्या कडा नाहीशा होतात.

चौथी पायरी : डाग व ओरखडे. यासाठी ‘क्लोन’ व ‘हील’ अशी दोन साधने आहेत. ‘क्लोन’ म्हणजे ठिगळ : एका जागेचा तुकडा जसाच्या तसा उचलून दुसरीकडे लावणे. ‘हील’ म्हणजे रफू : चांगल्या जागेचा पोत घेऊन तो सभोवतालच्या रंगछटेशी जुळवून बसविणे. भिंत, आकाश, जमीन यांवरील डागांस रफू चांगले. दोन वस्तूंच्या कडेला, जेथे रंग एकमेकांत मिसळू नयेत, तेथे ठिगळ बरे. दोन्हींत ‘कंट्रोल’ दाबून प्रथम चांगली जागा निवडावी व मग डागावर माउस फिरवावा. कुंचला लहान ठेवावा, आणि एकच जागा पुन्हा पुन्हा उचलू नये. नाही तर तेच ठिगळ ठिकठिकाणी दिसू लागते.

पाचवी पायरी : जतन करणे. येथे नवशिके हमखास अडतात. गिम्पमध्ये ‘सेव्ह’ ही आज्ञा दिली तर एक्ससीएफ या प्रकारची फाइल होते. तिच्यात सर्व थर शाबूत राहतात, म्हणून काम अर्धे असताना तीच करावी. परंतु छापखाना किंवा संकेतस्थळ बहुधा ती घेत नाही. त्यांच्यासाठी ‘एक्सपोर्ट ॲज’ ही आज्ञा देऊन जेपेग प्रकारची प्रत काढावी. जेपेग फाइल लहान होते ती चित्रातील बारीक तपशील गाळून. तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडून बदलून जतन केल्यास प्रत्येक वेळी थोडा तपशील जातो. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढीत गेल्यास जे होते, तेच येथे होते.

५. कोठे थांबावे

वरील पाच क्रिया पंधरा दिवसांच्या सरावाने साधतात. कोठे थांबावे, हे शिकण्यास मात्र अधिक विवेक लागतो.

एका रांगेत बारा मुले असलेले छायाचित्र ४००० ठिपके रुंद असले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास सुमारे ३३३ ठिपके येतात, आणि चेहऱ्याच्या वाट्यास त्यांतील निम्म्याहून कमी, म्हणजे दीडशेच्या आसपास. कर्शच्या चित्राच्या एका ओळीतही याहून अधिक ठिपके होते. एवढ्या ठिपक्यांतून भिंतीवर लावण्याजोगे मोठे चित्र निघू शकत नाही, कारण जो तपशील टिपलाच गेला नाही, तो कोठूनही आणता येत नाही.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हे अशक्य कार्य क्षणात करून दाखवितात. अस्पष्ट चेहरा दिला की डोळे, पापण्या, ओठ यांसह स्वच्छ चेहरा मिळतो. हा चेहरा यंत्राने असंख्य इतर चेहऱ्यांवरून अंदाजाने रचलेला असतो. तो त्या मुलाचा असेलच असे नाही. ज्या ग्रामस्थाने ‘माझे वडील त्यात आहेत’ म्हणून विनंती केली, त्याच्या हाती कदाचित दुसऱ्याच कोणाचा चेहरा वडिलांचा म्हणून दिला जाईल. आणि घरात दुसरे चित्र नसेल तर पुढच्या पिढ्या त्यालाच आजोबा समजतील. अंधुक पण खरा चेहरा हा स्वच्छ पण कल्पित चेहऱ्याहून मोलाचा आहे. कृष्णधवल चित्र रंगीत करतानाही हेच घडते. फेटा केशरी होता की तांबडा, हे संगणकास ठाऊक नसते.

यास्तव शाळेने एक साधी मर्यादा पाळावी. कागदावर काळाने जे आणून टाकले, ती धूळ, ओल, ओरखडे व पिवळेपणा, ते काढावे. कॅमेऱ्यासमोर जे होते, त्यास हात लावू नये. फाटका सदरा फाटकाच राहू द्यावा. अनवाणी पाय अनवाणीच दिसावेत. त्या काळी मुले कशी शाळेत येत होती, याचा तो पुरावा आहे. चेहऱ्याचा एखादा भाग कसरीने खाल्ला असेल तर तो रिकामा ठेवावा. दुरुस्त प्रतीच्या मागे ‘मूळ चित्रावरून दुरुस्त केलेली प्रत’ असे लिहून तारीख घालावी, आणि काय काय केले याची दोन ओळींची नोंद शाळेत ठेवावी. वृक्षारोपण, पोषण आहार, सभा यांची जी छायाचित्रे कार्यालयाकडे पुरावा म्हणून जातात, त्यांस तर हा नियम अधिकच कडकपणे लागू आहे.

६. नित्याच्या कामातील उपयोग

याच शिक्षणाचा दुसरा उपयोग विद्यार्थ्यांच्या अर्जांसाठी होतो. ऑनलाइन अर्जात छायाचित्राचे माप व केबीची मर्यादा दिलेली असते, आणि तिच्यात न बसल्याने अर्ज अडून राहतो. ३.५ सेंटिमीटर रुंद व ४.५ सेंटिमीटर उंच चित्र इंचास ३०० ठिपके या हिशेबाने ४१३ गुणिले ५३१ ठिपक्यांचे होते. प्रथम ‘क्रॉप’ने हे प्रमाण साधावे, नंतर ‘इमेज’ मेनूतील ‘स्केल इमेज’ने ठिपके ठरवावेत, आणि शेवटी ‘एक्सपोर्ट’ करताना गुणवत्तेचा अंक थोडा थोडा खाली आणून फाइल मर्यादेत बसवावी. केवळ रुंदी दाबून चित्र बसविल्यास मुलाचा चेहरा लांबट होतो. तसे करू नये.

विद्यार्थ्यांची छायाचित्रे हाताळताना ती मुलांची व त्यांच्या पालकांची आहेत, ही जाणीव असावी. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, बालकाच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. म्हणून काम संपल्यावर अशी छायाचित्रे मोबाइलमध्ये साठवून ठेवू नयेत, आणि पालकांस विचारल्याशिवाय कोणत्याही गटात पाठवू नयेत.

७. सरावाची योजना

पहिल्या आठवड्यात शिक्षकाने स्वतःच्या घरातील एखाद्या चित्रावर पहिल्या दोन पायऱ्यांचा सराव करावा; दुसऱ्या आठवड्यात ‘लेव्हल्स’, व त्यानंतर ठिगळ आणि रफू. शाळेचे जुने चित्र अगदी शेवटी घ्यावे. ज्या शाळेत संगणक नाही, तेथे मोबाइलमधील कापणे व उजळणे या दोन सोयींपासून आरंभ करता येईल. प्रत काढण्याचा नियम मात्र तेथेही तोच. केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-तीन शिक्षकांनी आपापली मूळ व दुरुस्त चित्रे शेजारी ठेवून दाखविल्यास सर्वांस लाभ होईल.

दुरुस्त प्रत तयार झाल्यावर ती घेऊन गावातील वृद्धांकडे जावे आणि चेहऱ्यांची नावे विचारून क्रमवार लिहून घ्यावीत. हे काम कोणतेही सॉफ्टवेअर करू शकत नाही, आणि ते सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. नावे लिहिलेली प्रत भिंतीवर लावावी, आणि मूळ चित्र कागदात गुंडाळून कपाटात, ओल लागणार नाही अशा जागी ठेवावे. पुढे कधी अधिक चांगली साधने येतील व अधिक जाणता शिक्षक त्या शाळेत येईल, तेव्हा त्यास आरंभ करावयास ते मूळ चित्रच लागेल.